घेताना उजवे, देताना डावे

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे आणि मी खोटे तोलतो. पहिल्याच वाक्यात सांगून टाकले, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की फसवले. तुमच्या पुस्तकांत छत्री, फळा, बैलगाडी अशा पुष्कळ जणांनी आपापली कहाणी सांगितली असेल. ती मंडळी फार सोशिक. आम्ही झिजलो, तुम्ही आम्हाला विसरलात, असू द्या, सुखी राहा, असे म्हणून डोळे पुसतात. मी तसला नाही. माझ्यावर अन्याय झाला, त्याचा राग मी चार पिढ्या पोटात जपला. त्या रागाचे पुढे काय झाले ते सांगायलाच मी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म बंदरावरच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. दोन माणसे आडवी झोपतील एवढी माझी दांडी लांब. तिच्या दोन टोकांना साखळ्या, साखळ्यांना सारख्या मापाची दोन लाकडी पारडी, आणि पारडी अशी प्रशस्त की एकेकात भरलेले पोते आरामात उभे राहावे. बरोबर मधोमध एक भोक पाडून त्यात कडी बसवली होती. त्या कडीवर माझा सगळा भार.

लोहार बोलायला तिखट होता, पण हाताने हळवा. मी तयार झालो त्या दिवशी त्याने एका पारड्यात घण ठेवला आणि दुसऱ्यात दगड. दोन्ही सारखे झाले. मग त्याने घण उचलून दगडाच्या जागी ठेवला आणि दगड घणाच्या जागी. त्याची बायको दारात उभी होती.

"जुळलं ना एकदा? परत कशाला?" ती म्हणाली.

"एकदा तर कुणीही खरं बोलतं," लोहार म्हणाला. "माल इकडचा तिकडे केल्यावरसुद्धा जो तेच बोलतो, तो तराजू."

मी दुसऱ्यांदाही तेच बोललो. लोहाराने माझ्या दांडीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक, आणि खरे म्हणाल तर शेवटचे. पुढे माझे कौतुक खूप झाले, पण ते खोट्याचे होते.

मला विकत घेतले बंदरावरच्या सगळ्यात मोठ्या पेढीने. तिचे मालक म्हणजे थोरले मालक. आवाज मऊ, कपडे पांढरे, आणि समोरच्याला आधी बसायला सांगायचे. त्यांच्या गोदामात, धक्क्याकडच्या दाराजवळ, मला तुळईला टांगले. एका बाजूला समुद्र दिसे आणि दुसऱ्या बाजूला दूरवर डोंगर. त्या काळात आपला देश समुद्रापलीकडचे लोक चालवत होते.

आता डोंगराची गोष्ट ऐका, कारण माझी गोष्ट तिथूनच सुरू होते. डोंगरातले लोक पूर्वी खायचे धान्य पिकवत. जमिनीचा सारा, म्हणजे सरकारचा करही धान्यातच भरत. परक्या राज्यकर्त्यांनी बंदूक फार वेळा उचलली नाही. त्यांनी एवढेच केले की सारा धान्यात न घेता नाण्यात मागितला. झाले काम. नाणे काही डोंगरात उगवत नाही. ते आमच्या पेढीवर मिळे, आणि पेढीला हवी होती फक्त कॉफी. मग धान्याची शेते मोडून उतारांवर कॉफीची झाडे लागली. आता खायचे काय? तर जहाजातून आलेले धान्य. ते कोण विकणार? तीच पेढी. सकाळी माझ्यावर डोंगरातून उतरलेली कॉफी चढायची, दुपारी डोंगरात जाणारे धान्य. जे पिकवत ते त्यांनी कधी चाखले नाही, आणि जे खात ते पिकवायचे विसरून गेले.

रस्तेसुद्धा तसेच बांधले. सगळे डोंगरातून बंदराकडे उतरणारे. एका डोंगरातून शेजारच्या डोंगरात जायला साधी पायवाट कुणी रुंद केली नाही. शेजारच्या डोंगरात दिलेल्या मुलीला माहेरी जायचे असले, तर ती आधी बंदरावर उतरे आणि मग पुन्हा चढे. देशाचा नकाशा कोण काढतो असे तुम्हाला गुरुजींनी विचारले, तर सांगा, माल काढतो.

तरीही पहिले काही हंगाम मी खरे तोलले. मग थोरल्या मालकांनी लोहाराला बोलावले, दार लोटून घेतले, आणि माझी कडी थोडी उजवीकडे सरकवायला सांगितली.

"मालक, दुसरं काहीही सांगा," लोहार म्हणाला. "माझ्या पोराचं नाक जरा उजवीकडे सरकव म्हणालात तरी विचार करीन. हे जमणार नाही."

लोहार गेला. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा एक कुलपे करणारा आला. त्याने लोहाराचे भोक रिकामे केले, उजवीकडे एका बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर नवे पाडले, आणि कडी तिथे बसवली. उजव्या टोकात शिसे ओतले. जुने भोक दिसू नये म्हणून त्यावर पितळेची पट्टी ठोकली, पेढीची खूण कोरलेली, छान घासलेली. लोक ती पट्टी बघून म्हणायचे, किती देखणा तराजू.

तुम्ही फळीवर दोन टोकांना बसून वर-खाली करता ना? मग तुम्हाला ठाऊक आहे, जो मध्यापासून लांब बसतो तो जड होतो. माझा डावा हात लांब झाला होता आणि उजवा आखूड. उजवीकडे ठेवलेला माल हलका ठरे, डावीकडे ठेवलेला जड. आणि शिशामुळे मी रिकामा असताना साधूसारखा सरळ. माझ्याकडे बोट दाखवायला जागाच ठेवली नव्हती.

त्याच दिवशी थोरल्या मालकांनी मापाड्याला, म्हणजे तोलणाऱ्या माणसाला, एक रीत सांगितली. घेताना उजवे, देताना डावे. डोंगरातली कॉफी घ्यायची ती उजव्या पारड्यात ठेवून. डोंगरातल्यांना धान्य द्यायचे ते डाव्या पारड्यात ठेवून. मापाडी हुशार होता. पहिल्या दोन पोत्यांतच त्याच्या लक्षात आले. पण घरात खाणारी तोंडे बरीच होती. त्याने मूग गिळले.

कॉफीच्या पोत्यामागे चार ओंजळी पेढीला जास्त मिळू लागल्या. धान्याच्या पोत्यामागे डोंगराला चार ओंजळी कमी. घेणाऱ्याच्या दृष्टीने चार ओंजळी म्हणजे काही नाही, आणि ज्याच्या घरातून जातात त्याच्या दृष्टीने एक वेळचे जेवण. एवढ्याशा चोरीवर थोरल्या मालकांनी बंदरावर तीन मजली घर बांधले, आणि त्या घराच्या गच्चीवरून ते सांगत, की डोंगरातली माणसे आळशी, त्यांच्या हातात काही टिकत नाही.

मित्रांनो, मी मालकांवर चिडलो होतोच. पण माझा राग पक्का झाला तो खेचरवाल्यामुळे.

हा खेचरवाला डोंगरातलाच. गावाची कॉफी तो आपल्या खेचरांवर लादून बंदरावर आणी आणि परतताना धान्य नेई. माणूस सरळ, थोडा हट्टी, आपल्या गाठींचा त्याला फार अभिमान. त्याने बांधलेले पोते वाटेत सुटले असे कधी झाले नाही. गावात पोते भरत ते लाकडी मापाने, सगळ्यांसमोर, आणि तिथेच शिवत. तेच पोते माझ्यावर चढले की कमी भरे. आणि इथून नेलेले धान्य गावात मापले की तेही कमी भरे.

गावाने विचार केला. खालच्या तराजूवर संशय कोण घेणार? तो तर केवढा मोठा, पितळेची पट्टी लावलेला. मग गावाने हिशेब असा मांडला, की जाताना कमी होते, येताना कमी होते, आणि दोन्ही वेळा मध्ये असतो तो खेचरवाला. चोर सापडला.

खेचरवाला गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन पेढीवर आला. त्याने हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही.

"मालक, एकच काम करा," तो म्हणाला. "हे पोतं उजव्या पारड्यातून काढा आणि डाव्यात ठेवा. एकदाच."

बाहेर धक्क्यावर गलबला होता, तरी मला लोहाराच्या घणाचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटले. माल इकडचा तिकडे. कुणीतरी अखेर तेच मागत होते. ठेव, मी मनात म्हणालो, ठेव आणि बघ मी काय सांगतो.

थोरले मालक हसले. त्यांनी आधी दोघा म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या. मग घरातून कॉफी मागवली. त्या दोघांनी जन्मभर कॉफी पिकवली होती, पण पेल्यातली कॉफी ते पहिल्यांदाच बघत होते. कडू लागली, तरी मानाची म्हणून प्यायले.

"आमच्या वडिलांपासूनची रीत आहे," मालक म्हणाले. "घेताना उजवं, देताना डावं. तुमच्या गावची रीत मी मोडायला सांगतो का कधी?" वडिलांपासूनची कुठली? त्यांचे वडील मासेमारीची जाळी विकत. "आणि तराजू तपासण्याआधी पोती तपासा. कुठेतरी भोक असेल."

मापाडी हसला. हमाल हसले. शेवटी ते दोघे म्हातारेही हसले. मालकांनी एवढे मानाने बसवले, आणि हा गडी त्यांच्याच तराजूवर संशय घेतो, असे ते जाताना एकमेकांना म्हणाले. मापाड्याचे हसणे मात्र लवकर थांबले, हे मी पाहिले.

त्या दिवसापासून खेचरवाल्याचे नाव पडले भोकपोते. गावाने भरपाई म्हणून त्याची खेचरे घेतली. तो गावाच्या कडेला राहू लागला. त्याच्या पोरांना भोकपोत्याची पोरे म्हणू लागले, आणि पुढे पोरांच्या पोरांनाही. कुणाची सोयरीक मोडली, कुणाला काम मिळाले नाही. कारण विचारले की लोक नुसते म्हणत, त्या घरातले ना? आणि एवढे सांगून पुरत असे.

खोटे मी बोललो आणि चोर तो ठरला. मी ठरवले, या पेढीला एक दिवस असे उघडे पाडायचे की झाकायला हात कमी पडावेत. पण मी पडलो तराजू. मला पाय नाहीत, तोंड नाही. मला दोन पारडी आहेत, आणि कुणी काही ठेवले तरच मी बोलतो. म्हणून मी वाट पाहू लागलो.

बरीच वर्षे गेली आणि एके दिवशी बंदरावरचा झेंडा बदलला. लोक रस्त्यावर नाचले. थोरले मालक तोवर वारले होते आणि त्यांचे वारस पैसाअडका घेऊन समुद्रापलीकडे निघून गेले होते. गोदाम नव्या सरकारने घेतले आणि तिथे कॉफी मंडळ बसले. मला वाटले, आली माझी वेळ.

मंडळाचे साहेब तरुण होते, आणि मी सांगतो ते लिहून घ्या, शंभर नंबरी प्रामाणिक होते. हमालांबरोबर बसून डबा खात. झेंडा वर जाताना त्यांचे डोळे भरत. त्यांनी पहिल्याच दिवशी मापाड्याला विचारले, इथली पद्धत काय? हा मापाडी म्हणजे जुन्या मापाड्याचा मुलगा. बापाने त्याला रीत शिकवली होती, पण तिच्यामागचे कारण लाजेने कधी सांगितले नव्हते.

"घेताना उजवं, देताना डावं, साहेब."

"का बरं?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

साहेबांना शिस्त आवडे. पहिल्यापासून आहे म्हणजे त्यात काहीतरी शहाणपण असेल, असे त्यांना वाटले. त्यांनी ती रीत नियम म्हणून छापून घेतली आणि देशातल्या प्रत्येक गोदामात लावायला पाठवली. बाकीच्या गोदामांतले तराजू खरे होते, त्यामुळे तिथे काही बिघडले नाही. इथे मात्र तीच चोरी पुन्हा सुरू झाली. परके चोरत होते तेव्हा निदान दार लोटून घ्यायचे. आपल्यांनी दार सताड उघडे ठेवून, राष्ट्रगीत म्हणून, अगदी निर्मळ मनाने डोंगराच्या ओंजळी काढून घेतल्या.

दरवर्षी तपासनीस येई. तो मला रिकामा बघे. मी सरळ. तो शिक्का मारे. वर्षअखेर गोदामात कागदावरच्यापेक्षा जास्त कॉफी निघे, तेव्हा साहेबांना वाटे, आपण उंदरांचा चोख बंदोबस्त केला. त्यांना त्याबद्दल पदकही मिळाले. त्या जास्तीच्या कॉफीतून राजधानीत रुंद रस्ते झाले, मोठाले दिवे लागले. डोंगरात दिवा लागायला आणखी बरीच वर्षे जायची होती. खेचरवाल्याचा नातू मंडळाच्या ट्रकवर चालक म्हणून काम मागायला आला, तेव्हा साहेबांनी चौकशी केली. डोंगरातल्याच कुणीतरी सांगितले, भोकपोत्यांचा आहे. साहेब हळहळले, पण काम दिले नाही.

तेव्हा मला कळले की झेंडा बदलून भागत नाही. दांडी कुणी तपासायलाच हवी.

मग तोही काळ गेला. दूरच्या कुठल्यातरी शहरात, जिथे कॉफीचे झाड कुणी पाहिलेले नाही, तिथे कॉफीचा भाव ठरू लागला. तो एका वर्षी इतका कोसळला की मंडळ बुडाले. सरकार म्हणाले, आता बाजार खुला. गोदाम विकायला निघाले आणि ते विकत घेतले कोणी? थोरल्या मालकांच्या नातवाने. समुद्रापलीकडून परत आलेले हे धाकटे मालक. आजोबांसारखाच मऊ आवाज, पण याच्या मऊपणात लबाडी नव्हती. नोकरांना अहोजाहो करायचा, मुलींना स्वतः शाळेत सोडायचा. त्याच्यावर राग धरायला मला कष्ट पडले, पण मी धरला.

वजनाला आता आकडे दाखवणारी यंत्रे आली. मला उतरवून एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली टाकले. उंदरांनी माझ्या पारड्यात संसार मांडले. साखळ्या गंजल्या. मित्रांनो, अडगळीत पडण्याचे दुःख इतर वस्तूंनी तुम्हाला सांगितलेच असेल, त्यामुळे मी त्यात वेळ घालवत नाही. मला दुःख एकाच गोष्टीचे होते, की सूड उगवायच्या आधीच मी भंगारात जाणार.

पण देव म्हणा, दैव म्हणा, कधी कधी चोराच्या घरातूनच हाक मारते. पेढीला शंभर वर्षे झाली आणि धाकट्या मालकांना मोठा समारंभ करायची हौस आली. मला बाहेर काढले. घासले, पुसले, तेल दिले, आणि दर्शनी दालनात टांगले. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले: घेताना उजवे, देताना डावे. तेच शब्द कॉफीच्या प्रत्येक डब्यावर छापले आणि डबे घरोघर गेले. धाकटे मालक पाहुण्यांना अर्थ समजावून सांगत.

"आजोबांचं तत्त्व होतं हे. घ्यायचं ते उजव्या हातानं, मान राखून. द्यायचं ते डाव्या हातानं, या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणून."

पाहुणे टाळ्या वाजवत. आणि मित्रांनो, तो हे मनापासून सांगत होता. आजोबांचे गोदाम त्याला वारशात मिळाले, घर मिळाले, नाव मिळाले, फक्त चोरी तेवढी कुणी सांगितली नाही. चोरी करणारा निदान सावध असतो. त्याचा नातू तीच चोरी भिंतीवर रंगवून घेतो.

समारंभाच्याच दिवशी एक करार व्हायचा होता. डोंगरातल्या कॉफीवाल्यांनी एक संघ काढला होता, आणि संघाची सगळी कॉफी पुढची पंचवीस वर्षे याच पेढीला द्यायची, पेढीच्याच वजनाने, असे ठरत होते. सही करायला संघाच्या अध्यक्षबाई आल्या होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, चप्पल दाराबाहेर काढून आत आलेल्या. या बाई कोण, तर खेचरवाल्याची पणती.

गावाने त्यांना अध्यक्ष केले ते नाइलाजाने, कारण दुसऱ्या कुणाला ते काम जमत नव्हते. पाठीमागे अजूनही भोकपोत्यांची म्हणतच होते. त्यांच्यावर नजर ठेवायला म्हणून गावाने सोबत दोन म्हातारे पाठवले होते. मी ते दोघे पाहिले आणि मला जुन्या दोन खुर्च्या आठवल्या.

बाईंच्या हातात पेन होते, पण ते पुढे सरकत नव्हते. पेढीच्याच वजनाने, हे शब्द त्यांना टोचत होते. पणजोबांची गोष्ट त्यांनी घरात ऐकली होती, पण हातात पुरावा नव्हता. सही केली तर आणखी एक पिढी या दाराशी बांधली जाणार, आणि कारण न देता नकार दिला तर गावात म्हणणार, घरचा गुण, हिने कुठेतरी खाल्लेच असेल. दोन्हीकडून आग.

तेवढ्यात माझ्या पारड्यांत कुणीतरी धपकन बसले. धाकट्या मालकांच्या दोन जुळ्या मुली. भाषणांना कंटाळून त्यांनी मला झोपाळा केला होता. एक उजवीकडे, एक डावीकडे. डावी खाली गेली.

"तू जाड," उजवी म्हणाली.

"मी नाही. जागा बदल, मग कळेल."

त्यांनी जागा बदलल्या. पुन्हा डावी खाली गेली.

"आता तू जाड."

"आत्ता तर तू होतीस."

पुन्हा बदलल्या. मुली हसत होत्या आणि मी, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा जीव तोडून खोटे बोलत होतो. एवढे ठणठणीत खोटे की बहिऱ्यालाही ऐकू जावे. शेवटी एकीने बापाला हाक मारली.

"बाबा, हा तराजू गंमतशीर आहे. जी इकडे बसते ती जाड होते."

पाहुणे हसले. मुलींची आई म्हणाली, "उतरा खाली, जुनं आहे ते, मोडेल." बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि माझ्यापाशी आल्या.

"पोरींनो, अजून एकदा बसा बघू," त्या म्हणाल्या. "हं. आता बदला."

मुलींनी बदलले. मग बाईंनी शोभेसाठी ठेवलेली दोन पोती मागवली, सारख्या वजनाची, नव्या यंत्रावर तोललेली. दोन पारड्यांत ठेवली. डावे खाली. पोत्यांची अदलाबदल केली. डावेच खाली. दालनातले हसणे हळूहळू थांबले. बाईंनी मागच्या भिंतीकडे बघितले आणि ती अक्षरे सावकाश वाचली.

"मालक, तुमच्या आजोबांच्या वेळी आमची कॉफी कुठल्या पारड्यात ठेवायचे?"

"उजव्या," धाकटे मालक म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात अभिमान होता. "लिहिलंच आहे ना."

"आणि आम्हाला धान्य द्यायचे ते?"

त्यांनी तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. डावे, हा शब्द त्यांच्या ओठांवर आला आणि तिथेच त्याचा अर्थ त्यांना कळला. मी तो चेहरा पाहिला. चार पिढ्या मी ज्याची वाट पाहिली, तो हाच चेहरा. मला दया यायला हवी होती, कारण या माणसाने काही केले नव्हते. मला दया आली नाही.

"ती पट्टी काढा," बाई म्हणाल्या.

एका सुताराने पितळेची पट्टी उचकटली. खाली लोहाराने पाडलेले भोक होते, बरोबर मधोमध, रिकामे. कडी त्याच्या शेजारी बसली होती, एका बोटाच्या अंतरावर.

"माझ्या पणजोबांनी एवढंच मागितलं होतं," बाई म्हणाल्या. "एकदा पोतं त्या पारड्यात ठेवा. बाकी काही नाही."

मग नजर ठेवायला आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक उठला. दाराबाहेर गेला, बाईंच्या चपला उचलून आत घेऊन आला आणि त्यांच्या पायांपाशी ठेवल्या.

"ताई, चला," तो म्हणाला. "घरी जाऊ."

त्या घराण्यातल्या कुणाला गावातल्या माणसाने नात्याने हाक मारल्याचे मी त्याआधी ऐकले नव्हते.

करार तसाच पडून राहिला. पुढच्या आठवड्यात धाकटे मालक स्वतः डोंगरात गेले, भरपाईचे बोलू म्हणाले. बाईंनी सांगितले, मोजायला बसलो तर तुमचंही आयुष्य पुरणार नाही आणि आमचंही. आम्हाला तो तराजू द्या. त्यांनी दिला. न देऊन करतात काय?

पेढी बुडाली असे सांगता आले असते तर मला फार आवडले असते. ती बुडाली नाही. मोठ्या पेढ्या बुडत नाहीत, पाटी बदलतात. पण भिंतीवरची अक्षरे खरवडली तरी त्यांच्या जागी फिकट खुणा राहिल्या, आणि घरोघरच्या डब्यांवरचे शब्द कोण खरवडणार? ज्या ओळीचा त्यांना गर्व होता, ती ओळ आता जो वाचतो तो हसतो. बंदरावरची पोरे त्या डब्यांना भोकपोते म्हणतात. नाव फिरून आपल्या खऱ्या मालकाच्या घरी गेले. डोंगरातली कॉफी आता संघच भाजतो आणि विकतो. उतारांवर पुन्हा थोडे धान्य दिसते. आणि या डोंगरातून शेजारच्या डोंगरात जाणारा रस्ता झाला आहे, त्यावरून मुली सरळ माहेरी येतात.

मी इथे तुमच्या शाळेच्या ओसरीत टांगला गेलो. तुम्ही माझ्यात दप्तरे तोलता, मांजर तोलता, एकमेकांना जाड म्हणता, ते मला चालते. पण काल गुरुजी बोलताना मी ऐकले. शाळेच्या वाढदिवसाला मला दुरुस्त करायचे ठरते आहे. उद्या लोहार येणार, कडी पुन्हा त्या पहिल्या लोहाराच्या भोकात बसवणार, शिसे काढणार, आणि मी खरा होणार. संघाच्या बाई म्हणाल्या, मुलांना विचारा, तराजू त्यांचा आहे. म्हणून मी आज एवढा बोललो.

मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला मोह होतो. तराजूला दुसरे काय हवे असते? मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, माल इकडचा तिकडे केल्यावर तेच बोलावे, आणि कुणीतरी दांडीवर थाप मारावी. पण मी खरा झालो की तुम्ही मला एकदाच तोलून बघाल, मान डोलवाल आणि विश्वास ठेवाल. मग पितळेची पट्टी लावून दुसरा कुणीतरी येईल, मऊ आवाजाचा, आधी खुर्ची देणारा, आणि म्हणेल, पहिल्यापासून असंच आहे. तेव्हा तुमच्यातल्या एकाला तरी उठून म्हणता आले पाहिजे, की पोते त्या पारड्यात ठेवून दाखवा. ते शिकायला घरात एक खोटा तराजू लागतो.

तेव्हा बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला जे सांगतात त्याच्या उलट मी सांगतो. मला तेल द्या, साखळ्यांना गंज चढू देऊ नका, पण ती कडी तिच्या जागेवरून हलवू नका. माझा राग मला जन्मभर पुरला, तो आता तुम्हाला पुरू दे. उद्या लोहार आला की त्याला बसवा, पाणी द्या, आणि परत पाठवा. आणि जाण्याआधी त्याची हत्यारांची पिशवी माझ्या दोन्ही पारड्यांत आळीपाळीने घालून बघा.